बाटलीतली पात

नितेशचा फोटो दर तिसऱ्या दिवशी यायचा, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान. मी वेळा लिहून ठेवल्या होत्या: १०:४२, १०:५०, १०:३८. माझा संशय इथून सुरू झाला. माझा मामेभाऊ इतका वेळेचा पक्का कधीच नव्हता. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाचं अभिनंदन त्यानं चौथ्या दिवशी केलं होतं, तेही मी आठवण दिल्यावर.

फोटोखाली एक-दोन ओळी असायच्या. ‘मी बरा आहे. किचनमध्येच आहे. इथून कॉल करायला बंदी आहे.’ शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच.

नितेश नोव्हेंबरात अकोल्याच्या एका एजंटामार्फत रशियाला गेला. कामगारांच्या वसतिगृहात स्वयंपाकघरातला मदतनीस, असं काम सांगितलं होतं. जानेवारीत कळलं की ते स्वयंपाकघर सैन्याचं आहे. आघाडीपासून दूर आहे, एवढंच तो म्हणाला. किती दूर, ते सांगितलं नाही. फेब्रुवारीत त्याचे फोन बंद झाले आणि फोटो सुरू झाले.

मी वलगावला मामाकडेच राहते. अमरावतीत माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी दुपारची पाळी असते, त्यामुळे सकाळ मोकळी. भगवंतमामा पहाटे भाजी घेऊन बाजारात जातो आणि नऊच्या सुमाराला परत येतो. हातपाय धुऊन तो ओसरीवर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

“हं, सांग. आज का झालं तिकडं?”

मी फोनवर पाहून सांगायची. “काल दोनशेच्या वर ड्रोन सोडले म्हणतात. दुसरी बाजू म्हणते, बहुतेक सगळे पाडले.”

“अन् गाव?”

“एक गाव घेतलं असं एक बाजू सांगते. दुसरी म्हणते, गाव आमच्याकडंच आहे.”

“गाव एक, मालक दोन,” मामा म्हणाला. “आपल्या शेताच्या धुऱ्याच्या भांडनावानीच हाये म्हना सारं. सरकले किती?”

“नकाशावर दीड किलोमीटर दिसतं.”

“म्हंजे आपल्या इहिरीपासून पेढीवरोक.” मामा त्या युद्धाचं प्रत्येक अंतर आपल्या शिवारात मोजायचा. पेढी नदीपर्यंत सरकले म्हटल्यावर त्याला ते डोळ्यांपुढे दिसायचं.

मी एक वही ठेवली होती. तारीख, एका बाजूचा दावा, दुसऱ्या बाजूचा दावा, नकाशावरचा बदल, तिथलं हवामान. दोन आठवड्यांत लक्षात आलं की दोन्ही बाजूंनी पाडलेल्या ड्रोनची बेरीज सोडलेल्या ड्रोनपेक्षा जास्त भरते. प्रयोगशाळेत असं झालं तर आम्ही यंत्र बंद करून दुरुस्तीला पाठवतो. इथं यंत्र चालूच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा आकडा यायचा. मी कशावरही विश्वास ठेवेनाशी झाले. नकाशावर नाही, बातमीवर नाही, फोटोखालच्या ओळींवर तर अजिबात नाही.

फोटोवर मात्र ठेवला. ती चूक माझी.

फेब्रुवारीत मामानं मला विचारलं होतं, “प्रणाली, तू शिकेल हायेस. हे फोटो खरे हायेत का कोन्या मशीननं बनवले?” मी दोन दिवस लावले. बोटं मोजली, कानांची ठेवण जुन्या फोटोंशी ताडून पाहिली, सावल्या एकाच दिव्याच्या आहेत का ते तपासलं. डाव्या भुवईतली खूण पाहिली. बारावीत असताना विळा लागून झालेली. मग सांगितलं, “मामा, फोटो खरे आहेत. हा नितेशच आहे.”

तेव्हापासून मामाला दुसरं कोणी काही सांगू शकत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर नत्थुजींचा फोन आला. धामणगाव रेल्वे या गावचे निवृत्त शिक्षक. त्यांचा पुतण्याही त्याच एजंटामार्फत गेला होता आणि डिसेंबरापासून त्याचा पत्ता नव्हता. वऱ्हाडातल्या अशा घरांची नावं गोळा करून ते शुक्रवारच्या गाडीनं दिल्लीला जाणार होते, परराष्ट्र मंत्रालयात अर्ज द्यायला. त्यांच्याकडे दोन याद्या होत्या. ज्यांचा घरच्यांशी संपर्क आहे त्यांची एक, ज्यांचा नाही त्यांची दुसरी.

“चौकशी दुसऱ्या यादीचीच होईल, ताई,” ते म्हणाले. “पहिल्या यादीतल्याले कोन शोधनार? थो तर सापडेलच हाये. तुमी मले एक सांगा, गेल्या पंधरा दिवसांत त्याचा आवाज आयकला का?”

“आवाज नाही. फोटो येतात.”

“फोटो नका सांगू. आवाज.”

मामानं माझ्या हातातून फोन घेतला. “गुरुजी, माह्या पोराचा फोटो परवाच आला. त्याचं नाव पयल्या यादीत टाका,” म्हणाला आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, “संपर्क नाई असं लिवून देऊ? जित्त्या पोराचं?”

मी म्हणाले, निदान एजंटाला तरी विचारू. मामा तयार झाला, कारण त्याला खात्री होती की एजंट त्याच्याच बाजूनं बोलेल.

सोमवारी आम्ही अकोल्याला गेलो. एजंटाचं नाव मनोज. बसस्टँडजवळ दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली, भिंतीवर विमानाचं चित्र. माणूस गोड होता. मामाला त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

“काकाजी, तुमी उगाच फिकर करून राहिले. फोटो येते ना बराबर?”

“येते ना. तिसऱ्या दिवशी.”

“मंग? अहो, लोकाइच्या पोरायचा एक मेसेज नाई येत, अन् तुमाले हप्त्यातून दोन फोटो. नशीबवान हा तुमी.”

मी विचारलं, “तो नेमका कुठं आहे? युनिटचं नाव?”

“ताई, मिलिटरीचं असं सांगता येते का?” तो हसला. “तुमी का न्यूज च्यानलवाल्या हा?”

“मग तो किचनमध्येच आहे हे तुम्हाला कसं माहीत?”

“हे पाहा ना.” त्यानं आपला फोन आमच्यापुढे धरला. नितेशचे फोटो. सगळे. तेरा. मोठ्या भांड्यापुढे हसणारा, बटाट्याच्या पोत्याला टेकलेला, टोपी घातलेला, बिनटोपीचा.

फोटो याच्याकडे आहेत म्हणजे पाठवणाराही हाच असणार, असं मी मनात जुळवून मोकळी झाले. तेवढ्यात मामा अभिमानानं म्हणाला, “मीच पाठवतो ना त्याहिले. पोराले कामाले लावलं, त्याहिलेबी बरं वाटते.”

“अन् मी बाकीच्याइले दाखवतो,” मनोज म्हणाला. “थे धामनगावचे मास्तर आल्ते बोंबलत. त्याहिले म्हटलं, पाहा, हा वलगावचा पोरगा. खुशाल हाये. तुमचाबी असाच असंन.”

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर मामा म्हणाला, “गुरुजीले हे फोटो दाखवाची काय गरज होती त्याले?” मी वहीत लिहिलं: मनोज, फोटो पाठवायला कारण आहे, पुरावा नाही.

मंगळवारी १०:४४ ला चौदावा फोटो आला.

गोदामामी ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. एरवी फोटो मामाच्या फोनवर यायचा, तो दुरूनच दाखवायचा आणि खिशात टाकायचा. त्या दिवशी मामा दुसऱ्यांदा बाजारात गेला होता आणि फोन चार्जिंगला घरीच होता. मी तो मामीच्या हातात दिला.

नितेश निळ्या स्वेटरमध्ये, हातात सुरी. मागे खिडकीची कड, काचेवर वाफ. कडेवर कापलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात पाण्यात बसवलेला कांदा आणि त्याची हिरवी पात.

ही बाटली आम्हाला माहीत होती. सहा फेब्रुवारीच्या पहिल्याच फोटोत ती होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘आई, इथं बी पात लावली. बाहेर बर्फ, आत पात.’ मामीला त्याचं इतकं कौतुक की ती बाजारातल्या बायकांना सांगत फिरली. मधे आणखी एका फोटोत बाटली कोपऱ्यात दिसली होती.

मामीनं बोटांनी फोटो मोठा केला. नितेशचा चेहरा बाजूला सरकला, बाटली मध्ये आली. ती बराच वेळ पाहत राहिली.

“प्रणाली, पयला फोटो काढ बरं.”

मी काढून दिला.

“आज किती दिस झाले याले?”

“एकोणचाळीस.”

“चाळीस दिसात पात चार बोटंच? खोलीत गरमी हाये. काचीवर वाफ दिसून राहिली.” तिनं जुडी खाली ठेवली. “वीतभर होऊन लोळाले पायजे होती आतावरोक.”

“तो कापत असेल मामी. कापली की पुन्हा तेवढीच दिसणार.”

“कापेल पात टोकाले बोथट राह्यते. पोकळ नळीवानी. ही पाह्य, सुईवानी टोक हाये. हिले कोनाचा हात नाई लागला.”

मी फोन घेतला. कांदा मोजला असता तर मला पहिल्याच महिन्यात कळलं असतं, पण मी बोटं आणि कान मोजत होते. पाच कोंब. मधला सगळ्यांत उंच. डावीकडून दुसरा मध्यावर मोडून उजवीकडे कललेला. तिन्ही फोटोंत तोच मोड, त्याच उंचीवर. बाटलीची रुंदी एकक धरून मी तिन्ही ठिकाणी पात मोजली. फरक इतका कमी की तो मोजण्यातला म्हणून सोडून द्यावा.

मी फेब्रुवारीत विचारलेला प्रश्न होता, हा नितेश आहे का. उत्तर बरोबर आलं होतं. कधीचा नितेश आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

“सारे एकाच दिवशीचे,” मी म्हणाले.

“व्हय.” मामीचा आवाज अगदी साधा होता. “कपडे बदलले, टोपी बदलली. पात बदलाची राह्यली.”

“मनोजनं करवून घेतलं असेल. नितेशला बसवून फोटो काढले आणि आता...”

“मनोजले नाई सुचत हे.” मामीनं ओल्या गोणपाटाखालची कोथिंबीर वर केली आणि पुन्हा झाकली. “दसऱ्याच्या वक्ताले आमी का करतो? झेंडू एकाच दिवशी तोडतो. ओल्या गोनपाटात झाकतो. मंग रोज थोडा थोडा बाजारात काढतो, चार दिस पुरवतो. घेनाऱ्याले वाटते, आजच तोडला. लहानपनापासून थेच काम केलं त्यानं. गोनपाट वल्लं करन्याचं काम त्याचंच होतं.” मग म्हणाली, “त्यानंच केलं. कुठंतरी जायाचं होतं म्हून केलं.”

मला तिच्या बोलण्यात चूक शोधायची होती. सापडली नाही.

मी मामाच्या फोनवरून त्या नंबराला लिहिलं: ‘हे सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले आहेत. तुम्ही नितेश नाही. आम्ही तुमच्यावर रागावलो नाही. तुम्ही कोण?’

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग काहीच नाही. मी प्रयोगशाळेला सुटी कळवली. मामा परत आला तेव्हा मामीनंच त्याला बाटली दाखवली. त्यानं ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, “थंडीत वाढत नसंन.” थोड्या वेळानं तो उठून विहिरीकडे गेला आणि तिथंच बसून राहिला.

सव्वातीनला व्हॉइस मेसेज आला. मी मामाला हाक मारली. अनोळखी आवाज, दबका, मागे भांड्यांचा खणखणाट.

“ताई, मी श्याम. बाळापूरचा. मले माफ करा. तीन फेब्रुवारीले नितेशनं दिवसभर फोटो काढून घेतले माह्याकून. वीस. कोनाकोनाचे कपडे मांगून आनले त्यानं, आमी हासत होतो त्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. नितेश धरून बारा जनं घेऊन गेले समोर, लढाईवर. फोन नेऊ देत नाई, म्हून माह्यापाशी ठेवला. म्हने, तीन दिवसानं एक टाकजो, नाश्ता झाल्यावर. तीन हप्त्यात येतो म्हने, पन माय मोठी शकी हाये, वीस असू दे. मले ड्यूटीवरून तेवढ्याच वक्ताले सवड भेटते. बाराईतलं कोनीच नाई आलं अजून. मेले अशीबी खबर नाई, ताई. खरं सांगतो. कोनी काईच सांगत नाई.”

मामानं तो मेसेज तीनदा ऐकला. प्रत्येक वेळी ‘मेले अशीबी खबर नाई’पाशी मान वर करायचा.

“किती फोटो राह्यले, विचार,” मामी म्हणाली.

मी विचारलं. उत्तर आलं: ‘सहा.’

“सारे आताच टाक म्हना त्याले,” मामा म्हणाला.

“नोको.” मामी पहिल्यांदाच जोरात बोलली. “पोरानं सांगतलं तसंच. तीन दिवसानं एक.”

“कावून वं? खोटे हायेत हे आता माहीत झालं ना?”

“खोटे नाईत. जुने हायेत.” मग माझ्याकडे पाहून, “अन् विचार, थ्या बाटलीतल्या पातीचं का झालं?”

मला तो प्रश्न पाठवायला विचित्र वाटलं, पण पाठवला. श्यामनं लिहिलं: ‘कापून खाल्ली काकू. दोन वेळा. पुन्हा आली आहे.’

त्या संध्याकाळी मी वही काढली. चार फेब्रुवारीनंतरची पानं पुन्हा वाचली. पाच तारखेला एका बाजूनं एक गाव घेतल्याचं म्हटलं होतं, आठ तारखेला दुसऱ्या बाजूनं ते परत घेतल्याचं. नकाशावर दोन किलोमीटर पुढे, दीड मागे. मामाला ते सगळं मीच वाचून दाखवलं होतं आणि आम्ही दोघं नितेश स्वयंपाकघरात आहे असं समजून ऐकत होतो. कदाचित तो त्याच दीड किलोमीटरमध्ये होता. कदाचित शंभर किलोमीटर लांब. माझ्या वहीत त्याचं उत्तर नव्हतं आणि कुठल्याच नकाशात नव्हतं.

शुक्रवारी आम्ही तिघं धामणगावला गेलो. नत्थुजी फलाटावर बाकड्यावर बसले होते, मांडीवर फाइल, पायांशी पिशवी. वर्गात हजेरी घ्यावी तसं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बसा दादा. मले वाटलं, तुमी येत नाई.”

मामा बसला नाही. “गुरुजी, एक विचारतो. संपर्क नाई असं लिवलं, तर थे लोक त्याले मेला समजतीन का?”

“नाई. शोधतीन. निदान शोधाले बसतीन. संपर्क हाये असं लिवलं, तर कागद बाजूले.” नत्थुजींनी फाइल उघडली. “मनोजनं तुमच्या पोराचे फोटो मले दाखवले होते. म्या घरी जाऊन वयनीले सांगतलं, आपला गोट्याबी असाच असंन. एक म्हैना अर्जच नाई केला आमी.”

मामाचा चेहरा उतरला. तो काही तरी म्हणणार होता, पण नत्थुजींनीच हात हलवला. “जाऊ द्या. तुमालेबी का माहीत. वलगाव, नितेश भगवंतराव... हं. शेवटचा खात्रीचा संपर्क?”

रकाना मोकळा होता. मामा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, मी सांगावं म्हणून. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “तीन फेब्रुवारी.”

“मंग दुसरी यादी.”

“व्हय. दुसरी.”

नत्थुजींनी लिहिलं. खाली मामानं सही केली, मग मामीनं. श्यामचं नाव मी मुद्दाम सांगितलं नाही. तो अजून तिथंच होता, आणि कुठला कागद कुठं फिरेल याचा मला आता भरवसा नव्हता. फक्त बारा जण आणि चार तारखेची सकाळ, एवढं वेगळ्या कागदावर लिहून दिलं. नत्थुजींनी तो वाचला, डोळे मिटले, आणि ‘आमचाबी त्यात असंन का’ असं विचारलं नाही. त्यांचा पुतण्या डिसेंबरापासूनच बेपत्ता होता.

गाडी आली तसं मामानं त्यांची पिशवी उचलून डब्यात नेऊन ठेवली. गाडी सुटल्यावर आम्ही फलाटावरच उभे होतो. सवयीनं मामानं विचारलं, “आज किती सरकले?”

“पाहिलं नाही,” मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. १०:४१. मामानं तो न पाहताच मामीकडे दिला.

फोटोत नितेश एका स्टुलावर बसून कांदे सोलत होता. कुणाचा तरी मोठा कोट अंगात, बाह्या दुमडलेल्या. खाली काही लिहिलेलं नव्हतं. श्यामला आता लिहायला काही उरलं नसावं. मामीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खिडकीची कड शोधली. बाटली होती.

“तेवढीच हाये,” ती म्हणाली. मग फोटो हळूहळू सरकवत चेहऱ्यापाशी आणला आणि तिथं थांबली.

बऱ्याच वेळानं तिनं फोन माझ्या हातात दिला.

“ठेव नीट. पाच राह्यले.”